नववीत सुटलेल्या मुलांची नावे पुन्हा पटावर घ्या

प्रति,
मा. शिक्षण संचालक, गोवा सरकार,
मा. अध्यक्ष, गोवा माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
आणि गोव्यातील सर्व हायस्कुलांचे मुख्याध्यापक यांस

स.न.वि.वि.

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनाच्या कार्यक्रमात, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. केंद्राच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमासाठी पंचायती आणि बरीच सरकारी खाती कामाला लागली होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशी माणसे शोधली गेली, त्यांना शिकवले गेले. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवरच्या आज्या अंगठा सोडून सही करू लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. साठी-सत्तरीच्या माणसांसाठी तुम्ही जी यादी केलीत, तशीच एक यादी आता नववीत शाळा सुटलेल्या सतरा ते तीस वर्षांच्या मुलामुलींची करा, हे मागण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

या मुलांना लिहिता-वाचता येते, म्हणून निरक्षरांच्या यादीत त्यांची नावे आली नाहीत. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी, म्हणून तो त्यांना लागत नाही. शाळा सोडलेली, म्हणून हायस्कुलाच्या हजेरीपटावर ती नाहीत. आणि दहावीच्या परीक्षेला ती बसलीच नाहीत, त्यामुळे मंडळाच्या निकालात नापास म्हणूनही त्यांची मोजदाद होत नाही. गावात मात्र ती रोज भेटतात. होंड्याच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात, कळंगुट-बागा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत भांडी घासतात, गॅरेजमध्ये गाड्यांखाली असतात, चिरेखाणीवर असतात, कुणाच्या तरी बागायतीत रोजाने असतात. आठवी पास, नववी नापास.

माझे मागणे एकच आहे. आठवीत ज्या हायस्कुलाने मुलाचे नाव पटावर घेतले, त्या हायस्कुलाने तो दहावी होईपर्यंत त्याला आपला विद्यार्थी मानावे. दहावी सोळाव्या वर्षी होवो नाहीतर सव्विसाव्या. दाखला हातात देऊन जबाबदारी संपली असे धरू नये. पुढे जे लिहिते आहे ते याच मागणीचा विस्तार आहे.

मी सत्तरीतल्या हायस्कुलांत गणित शिकवून निवृत्त झाले. आता संध्याकाळी अशाच मोठ्या मुलांना शिकवते. त्यामुळे नववीत काय घडते ते मी वर्गात उभे राहून पाहिले आहे, आणि त्याचे पुढे काय होते तेही आता रोज पाहते.

आमच्या भागातली बहुतेक मुले सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून येतात. त्यातल्या कित्येक शाळा एकशिक्षकी. एकच बाई पहिली ते चौथी सांभाळते, पोषण आहाराची नोंद ठेवते, निवडणुकीची कामे करते आणि जमेल तसे शिकवते. चौथीपर्यंत सगळे मराठीतून आणि पाचवीत गेल्याबरोबर सगळे इंग्रजीतून. घरात इंग्रजी बोलणारे कुणी नाही, शिकवणी लावायची ऐपत नाही. हुशार मूल दोन वर्षांत सावरते. मध्यम मूल फळ्यावरचे उतरवून घ्यायला शिकते. त्याची वही सुबक असते, पण त्यातले एक वाक्य त्याला समजलेले नसते. आठवीपर्यंत ते तसेच वर चढत येते. नववीत पहिल्यांदा कागदावर नापास होते, आणि नेमके तेव्हाच ते चौदा-पंधरा वर्षांचे झालेले असते, म्हणजे कायद्याच्या हाताबाहेर गेलेले.

नववीत दुसऱ्यांदा बसलेला मुलगा शेवटच्या बाकावर असतो. त्याच्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान मुले त्याला नावाने हाक मारतात. त्याला मिशी फुटलेली असते, खांदे भरलेले असतात, आणि बाकावर गुडघे मावत नाहीत. वर्गात विचारले तर तो उभा राहतो आणि खाली मान घालून थांबतो. काही महिन्यांनी तो आठवड्यातून दोनदा येऊ लागतो. मग पालकांना बोलावणे जाते. आई येते, बहुधा कामावरची अर्धी रजा टाकून. तिला सांगितले जाते की याला दहावीत नेण्यात अर्थ नाही, दाखला घेऊन जा आणि ओपन स्कूलमधून बसवा. ती मान हलवते. ओपन म्हणजे काय, अर्ज कुठे करायचा, पैसे किती, पुस्तके कोण देणार, शिकवणार कोण, यातले तिला कुणी काहीच सांगत नाही. ती दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी नेते आणि कपाटात ठेवते.

हे कुठल्या एका शाळेचे वर्णन नाही, म्हणून नाव घेत नाही. मुख्याध्यापक वाईट आहेत असेही मला म्हणायचे नाही. मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढले आहे. त्यांच्यावर शंभर टक्के निकालाचे ओझे असते. निकाल लागला की शंभर टक्केवाल्या शाळांची यादी वर्तमानपत्रात येते, पालक ती पाहून पुढच्या वर्षी प्रवेश घेतात, पट वाढतो किंवा घटतो, आणि पट घटला की तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो. अशा हिशेबात दहावीला नापास होण्याची शक्यता असलेला मुलगा नववीतच थांबवणे किंवा घरी पाठवणे शाळेला सोयीचे पडते. दोष या मोजणीत आहे आणि ती मोजणी बदलणे तुमच्या हातात आहे.

मंडळाने निकालाबरोबर आणखी एक आकडा छापावा. आठवीच्या पटावर जेवढी मुले होती, त्यातल्या किती जणांच्या हातात दहावीचे प्रमाणपत्र पडले? दोन वर्षांत किती, चार वर्षांत किती, आठ वर्षांत किती? ज्या शाळेने बावीस वर्षांच्या मुलाला परत आणून दहावी केले, तिच्या खात्यात तो यश म्हणून जमा व्हावा. हा आकडा छापायला लागलात की वर्षभरात शाळांचे वागणे बदलेल, असे मी पैजेवर सांगते. मुख्याध्यापक स्वतः वाड्यावर जाऊन मुले शोधतील. ते शोधू शकतात, कारण त्यांना प्रत्येक घर माहीत असते.

आता ही मुले कोण आहेत त्याबद्दल थोडे सांगते, कारण आळशी आणि उनाड म्हणून त्यांची बोळवण करण्याची आपल्याला सवय लागली आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. काही काळाने काम थोडे सुरू झाले, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांत ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या दारात ट्रक गंजले. त्या वेळी आठवी-नववीत असलेली मुले घरची तंगी बघून कामाला लागली. पहिल्या बंदीच्या वेळची मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. काहींना स्वतःची मुले आहेत. त्यांची शाळा सुटली त्यात त्यांचा काय अपराध होता?

दुसरी लाट कोरोनाची. नेटवर्क मिळावे म्हणून सांगे-सत्तरीतली मुले डोंगरावर चढून बसायची, त्यांचे फोटो छापून आले. ती मुले सहावी-सातवीत असताना सारे वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेले, आणि ज्या घरात एकच मोबाईल होता तो बापाबरोबर कामावर गेला. या मुलांचे अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणे राहूनच गेली. नंतर ती नववीत अडकली तेव्हा कुणी मागे वळून पाहिले नाही की नेमके राहिले काय.

मुली वेगळ्या कारणाने सुटतात. हायस्कूल लांब, शेवटची कदंब बस चुकली तर जंगलातून चालत यावे लागते, म्हणून नववीनंतर आई-बाप पाठवत नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नसते. मग लग्न होते. सासरी आल्यावर तिच्या लक्षात येते की कारखान्यात पॅकिंगच्या कामालासुद्धा दहावीचा कागद मागतात. झुवारीनगर, बायणा अशा ठिकाणच्या कर्नाटकातून आलेल्या कामगारांच्या मुलांची अडचण याहून मोठी. त्यांची शाळा अर्धी कन्नडमध्ये, अर्धी इथे झालेली असते. त्यांच्याविषयी तिथे काम करणाऱ्यांनी लिहावे. मी माझ्या तालुक्यापुरते बोलते.

दहावीच्या कागदावाचून यांचे काय अडते? व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला आठवी पासची अट होती, ती केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, म्हणून ड्रायव्हरकी तेवढी उरली. आयटीआयमध्ये आठवीवर मोजके ट्रेड मिळतात, ज्यांना बाजारात मागणी आहे त्यांतले बहुतेक दहावी मागतात. जहाजावर जायचे म्हटले तर जीपी रेटिंगच्या, म्हणजे साध्या खलाशाच्या, प्रशिक्षणाला दहावी लागते आणि गणित, विज्ञान, इंग्रजीचे गुणही बघतात. आखातात कामाला जाणाऱ्याच्या पासपोर्टला दहावी जोडलेली असली तर स्थलांतराच्या परवान्याची अट राहत नाही. दहावी नसेल तर तो परवाना काढावा लागतो, आणि तिथेच मधल्या माणसांच्या तावडीत माणूस सापडतो. मोप्याचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. पेडण्यातल्या ज्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या त्यांच्या मुलांना अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यापाशी थांबावे लागत असेल, तर गोव्याच्या विकासातला त्यांचा वाटा कुठे गेला?

ओपन स्कूल आहे ना, असे मला नेहमी ऐकवले जाते. आहे, आणि चांगले आहे. १९८९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, वर्षातून दोनदा परीक्षा घेते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवत जाता येते. मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत पास झालेले दोन विषयही जमा धरतात. वयाला वरची मर्यादा नाही. दहावी मराठीतूनही देता येते. मोठ्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या मुलासाठी याहून सोयीची रचना मला दुसरी माहीत नाही.

पण ही रचना ज्याला अर्ज करता येतो, फी ऑनलाइन भरता येते आणि पुस्तक एकट्याने वाचता येते त्याच्यासाठी आहे. नववीत दोनदा नापास झालेल्या मुलाला नेमके हेच जमत नाही. तो मग एजंटकडे जातो. शहरांत ‘गॅरंटीड पास’चे फलक तुम्हीही पाहिले असतील. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने अशाच एका क्लासला सहा महिन्यांची बचत दिली. हातात आले ते कुठल्यातरी मंडळाचे रंगीत प्रमाणपत्र, जे आयटीआयच्या खिडकीवर कुणी घेतले नाही. तेव्हा तो तिथेच खाली बसला होता, असे त्याच्याबरोबर गेलेल्या मित्राने सांगितले. हायस्कुलातल्या क्लार्कने एक दुपार देऊन त्याचा खरा अर्ज भरला असता तर त्याचे पैसे वाचले असते आणि दोन वर्षेही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहते. मुक्त विद्यालयात गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत. सोपे विषय घेऊन सुटका करून घ्या, असा सल्ला मुलांना सर्रास मिळतो. त्याने दहावी होते, पण आयटीआयची आणि जहाजाची वाट पुन्हा बंद. विषय निवडण्यापूर्वी त्या मुलाला पुढे काय करायचे आहे हे विचारणारे माणूस हवे, आणि ते त्याला ओळखणाऱ्या शाळेतलेच असावे.

या मुलांना शिकवता येते का, अशी शंका तुमच्या मनात असेल तर माझा एक विद्यार्थी सांगते. वय वीस. किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, नववी नापास. गणिताची वही समोर आली की त्याच्या कपाळावर घाम यायचा. नववीचे पुस्तक मी उघडलेच नाही. आधी त्याला काय येते ते पाहिले. बेरीज-वजाबाकी चोख, गुणाकार बरा, भागाकारात दशांश चिन्ह आले की गाडी अडायची. अपूर्णांक अजिबात नाहीत, म्हणजे पाचवी-सहावीत, मराठी संपून इंग्रजी सुरू झाले तिथेच, तो तुटला होता. त्याला विचारले, चाळीस माणसांच्या शाकुतीला किती खोबरे लागते? त्याने झटकन सांगितले. मग दीडशे माणसे आली तर? तो क्षणभर थांबला आणि बरोबर उत्तर दिले, तोंडी. ते कसे काढलेस ते लिही म्हटले तर त्याला पेन उचलवेना. त्या दिवशी आम्ही एवढेच केले की त्याने डोक्यात जे केले ते कागदावर पायरीपायरीने मांडले. चाळीसाला एवढे, तर एकाला किती, तर दीडशेला किती. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने पुस्तकातली प्रमाणाची उदाहरणे एकट्याने सोडवली. त्यातली इंग्रजी वाक्ये मी त्याला मराठीत वाचून दाखवली होती, गणित त्याचे त्याने केले.

नववीचा अख्खा अभ्यासक्रम याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिकवणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे होते. त्याला सहावीतले चार धडे हवे होते आणि त्यानंतर नववीचे पुस्तक. म्हणून माझे सांगणे आहे की परत येणाऱ्या प्रत्येक मुलाची आधी एक तोंडी आणि एक लेखी तपासणी व्हावी, मराठीत किंवा कोकणीत, आणि त्याच्या हातात एक साधा कागद असावा, तुला हे येते, हे राहिले आहे. आपल्याला काहीच येत नाही या समजुतीने तो वर्षानुवर्षे जगलेला असतो. येते ते लिहिलेले पाहिले की तो अभ्यासाला बसतो. बायका तर फार चिवटपणे बसतात. माझ्याकडे येणारी एक सून कारखान्यात फिरत्या पाळीत काम करते. दुसरी पाळी असली की सकाळी मुलाला अंगणवाडीत सोडून येते आणि ओटीवर माझ्यासमोर तासभर विज्ञान वाचते. तिचे विज्ञान माझ्यापेक्षा चांगले होत चालले आहे.

तिचा अर्ज मात्र कित्येक महिने अडून होता. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, जन्माच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका अक्षराने वेगळे. नाव जुळवून घेण्यासाठी तिने पंचायत, मामलेदार आणि नोटरी यांच्या चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला एक खाडा. प्रत्येक तालुक्यात भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत आठवड्यातून एक दिवस एका माणसाने फक्त हेच काम बघितले तर किती मुली परत येतील! शिकवण्यापेक्षा या कागदांनीच जास्त लोक हरतात, हा माझा अनुभव आहे.

आता वेळेचा प्रश्न. वर्ग केव्हा घ्यायचे? गोव्यात याचे उत्तर आपल्या पावसानेच देऊन ठेवले आहे. मेअखेर शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची हंगामी हॉटेले, उतरवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हॉटेलांत माणसे कमी करतात, चिरेखाणी आणि बांधकामे मंदावतात. किनाऱ्यावर कामाला गेलेली आमची मुले जूनमध्ये घरी येतात आणि गणेश चवथीपर्यंत, काही त्याच्याही पुढे, गावात असतात. लावणीचे दिवस सोडले तर संध्याकाळी त्यांना काम नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुक्त विद्यालयाची परीक्षा असते. म्हणजे जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी दोन तास वर्ग घेतले आणि मुलाने त्या परीक्षेसाठी नोंदणी आधीच करून दोनच विषय धरले, तर त्याच वर्षी त्याचे दोन विषय सुटतात. पुढच्या पावसाळ्यात आणखी दोन. उलट काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, आमच्याकडचे अख्खे घर डोंगरावर असते. बोंडू वेचायचे, रस काढायचा, भट्टी लावायची. त्या दिवसांत परीक्षा ठेवली की निम्मी मुले येत नाहीत. २०२५ साली वरच्या इयत्तांचे वर्ष तुम्ही एप्रिलमध्ये सुरू केलेत. ते चांगले की वाईट यावर मी इथे लिहीत नाही. पण सगळ्या राज्याचे वेळापत्रक खात्याला हलवता येते हे त्यावरून दिसले. मग संध्याकाळच्या पावसाळी वर्गासाठी हायस्कुलाचे दोन वर्ग उघडे ठेवायला अडचण काय?

इमारत आहे, बाक आहेत, वीज आहे, फळा आहे. वाड्यावरच्या मुलांना पोचवायला एक कदंब संध्याकाळी तासभर उशिरा सोडावी लागेल. शिकवायला माणसे मिळतील. निवृत्त शिक्षक गावोगाव आहेत आणि त्यांतले बरेच जण मानधन नाममात्र असले तरी येतील. मी स्वतः पाच-सहा जणांशी बोलले आहे, सगळे हो म्हणाले. बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना यातच प्रात्यक्षिक द्या. त्यांनाही कळेल की नापास मूल म्हणजे काय असते.

हे काही नवीन नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत गिरणी कामगारांच्या पिढ्या रात्रशाळांतून मॅट्रिक झाल्या. केरळात राज्य साक्षरता मिशन आजही चौथी, सातवी, दहावी आणि बारावीच्या समकक्ष परीक्षा घेते. तिथे साक्षरता जाहीर करून काम थांबवले नाही, पुढचे वर्ग सुरू ठेवले. आणि आपल्या हातातल्या ‘उल्लास’मध्येही हे बसते. २०२२ ते २०२७ या मुदतीच्या या केंद्रीय कार्यक्रमात साक्षरता हा पाचांपैकी एक घटक आहे. ‘मूलभूत शिक्षण’ हा दुसरा घटक आहे आणि त्यात माध्यमिक स्तरापर्यंतची समकक्षता धरलेली आहे. साक्षरतेचा भाग गोव्याने पूर्ण केला. हा भाग बाकी आहे आणि मुदत संपत आली आहे.

मंडळाकडे माझी वेगळी विनंती आहे. दहावीला बसून एखाद-दुसऱ्या विषयात अडकलेल्या मुलासाठी तुमची पुरवणी परीक्षा आहे, ती चांगली सोय आहे. नववीत सुटलेल्याला मात्र मुक्त विद्यालयात जावे लागते, आणि तिथे त्याची मातृशाळा त्याला परकी होते. आपल्याच मंडळात, आपल्याच हायस्कुलातून, सतरा वर्षांवरील विद्यार्थ्याला एकेक विषय देत तीन-चार वर्षांत दहावी पूर्ण करता यावी अशी तरतूद करा. प्रमाणपत्र तेच असावे, त्यावर वेगळा शिक्का नको. मोठ्या वयात शिकणाऱ्याला सवलतीचा कागद नको असतो. आपल्या धाकट्या बहिणीला मिळाला तोच कागद त्याला हवा असतो.

आणि मुख्याध्यापक बंधुभगिनींनो, सरकारी आदेश येईपर्यंत थांबू नका. गेल्या दहा वर्षांच्या नववीच्या हजेऱ्या तुमच्या कपाटात आहेत. त्या काढा. लाल शाईने रेघ मारलेली नावे एका कागदावर उतरवून घ्या आणि पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत वाचा. यातली कोण मुले कुठे आहेत ते सभेतले लोक तुम्हाला तिथल्या तिथे सांगतील. मग एका शिक्षकाला त्यांच्या घरी पाठवा. फोन करू नका, घरी जा. शाळेने आपल्याला काढले हे त्या मुलांच्या मनात पक्के बसलेले आहे. शाळेचे माणूस दारात आल्याशिवाय ते निघणार नाही.

वाळपई भागातल्या दोन हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांनी मला अशा नावांची यादी करायला मदत केली आहे. प्रत्येक नावासमोर वय, शेवटची इयत्ता, सध्याचे काम आणि राहिलेले विषय लिहिलेले आहेत. ज्यांनी परत शिकायला होकार दिला त्यांच्या नावापुढे खूण आहे. त्या मुलांच्या परवानगीने ही यादी मी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन देणार आहे. पावसाळी वर्गांचे परिपत्रक मेच्या पहिल्या आठवड्यात निघाले, तर शॅकवरची मुले गावी येईपर्यंत नोंदणीचे अर्ज भरून तयार ठेवता येतील. वर्गांसाठी वाळपईचे हायस्कूल मिळाले तर गणित मी घेते. विज्ञानासाठी आणि इंग्रजीसाठी दोघे निवृत्त सहकारी तयार आहेत. केव्हा भेटायला यायचे ते कळवावे, आम्ही पर्वरीला तुमच्या कचेरीत येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
सत्तरी, गोवा